जगदाळेबाईंची सही

सगळ्यात मोठं ऋण कुणाचं, असं कुणी विचारलं तर मी निरवांगीच्या जगदाळेबाईंचं नाव घेतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो तो या बाईंमुळे. माझ्या आईला सही शिकवली तीही त्यांनीच. शाळा सुटली की गावातल्या बायकांना ओट्यावर बसवून म्हणायच्या, "अंगठा भाकरी थापायला ठेवा. कागदावर नाव लिवायचं."

पुढे त्यांना संधिवातानं गाठलं. काही वर्षं त्यांनी तेल चोळण्यात घालवली. बारामतीच्या डॉक्टरांकडे गेल्या तोवर बोटं करंगळीकडे कलली होती, अंगठा मुडपला होता.

डॉक्टर म्हणाले, "गोळ्यांनी सूज आटोक्यात येईल. पण वाकलेली बोटं गोळ्यांनी सरळ होत नाहीत."

"ऱ्हाऊ द्या वाकडी. पेन धरता यील एवढं करा."

ऑपरेशन करून अंगठ्याचा सांधा पक्का बसवला. तो आता वाकत नाही, पण पकड आली. मग रोज मेणाचा शेक, बोटांचे व्यायाम आणि पाटीवर स्वतःचंच नाव गिरवणं. सून म्हणाली, "आत्याबाई, आता कशाला हा खटाटोप?"

"शिकलेलीनं इचारावं व्हय हे!"

मी इंदापूरला बँकेत लागलो. नोव्हेंबरात पेन्शनवाले हयातीच्या यादीवर सही करायला येतात. बाईही आल्या. त्यांची नवी सही जुन्या नमुन्याशी जुळेना. मागे रांग वाढत होती. मी शाईचा पॅड पुढं सरकवला. "बाई, अंगठा चालतो."

त्यांनी पॅड माझ्याकडे ढकलला. "तुझ्या आईचा अंगठा सोडवला म्या, आन् तू माझा घितोस? जित्ती हाय का न्हाय, ते माझं अक्षर सांगंल."

मागचे एक आजोबा कुरकुरले, "बाई, आवरा, यष्टी जाईल."

"जाऊ द्या. दुसरी यील."

पेन्शन अडेल, असं मी सांगत राहिलो. त्या यादी तशीच सोडून निघून गेल्या. त्याच संध्याकाळी मी पत्र टाकलं:

"आदरणीय बाई,
सा. न.
पॅड तुमच्या सोयीसाठी पुढं केला, असं मी स्वतःला समजावत होतो. खरं तर घाई माझी होती. सहीचा नवा नमुना घेता येतो, हे साहेबांनी सांगितल्यावर मला कळलं. ते मला आधीच ठाऊक असायला हवं होतं. रविवारी फॉर्म आणि यादी घेऊन घरी येतो. हवा तेवढा वेळ घ्या. मी बसून राहीन. पॅड आणणार नाही.
आपला विद्यार्थी,
दत्ता"