नाहलचे दोन पूर

येरुहामच्या वाळवंटातल्या आमच्या नाहलला, म्हणजे कोरड्या नदीला, कधी पाणी येतं असं कुणी सांगितलं असतं, तर बाबांनी त्याला वेड्यात काढलं असतं. नदी म्हणे! नुसते धोंडे आणि रेती. माणसं त्यातूनच पलीकडे बसच्या रस्त्याला जायची. कोकणातून इथं आलेल्या आमच्यासारख्या माणसाला पूर कळतो तो डोक्यावर पाऊस कोसळल्यावर. इथं पाऊस पडतो लांब डोंगरात, आणि पाणी येतं भर उन्हात. हे आम्हांला कोण सांगणार, कपाळ!

आई तेव्हा बेरशेबाच्या हॉस्पिटलात होती. मुलगा झाल्याचा निरोप आला तसे बाबा निघाले. "आभाळात ढगाचं नाव नाही, आणि ही शेजारीण म्हणते थांबा!" असं म्हणून हसत गेले, एवढं लख्ख आठवतं. पण कोणत्या दिवशी? इथंच सगळा घोळ. त्या आठवड्यात पूर दोनदा आला, मध्ये दोन दिवस सोडून. बाबा रस्त्याच्या कामावर कधीकधी तिकडेच राहायचे, म्हणून लगेच कुणी शोधलं नाही. मी नऊ वर्षांची, शेजारणीकडे जेवत होते. ते सापडले खूप खाली, दुसरं पाणी ओसरल्यावर.

वर्ष भरत आलं तशी आई कासावीस झाली. बाबांच्या नावाचा दिवा कोणत्या दिवशी लावायचा? कद्दीश, मेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, कधी म्हणायचा? शेजारीण म्हणाली, पहिल्या पुरात गेले. तिचा नवरा म्हणाला, छे, दुसऱ्या. समोरचे काका म्हणाले, "मधल्या दिवशी मी त्याला विडी दिली की!" मग डोकं खाजवून म्हणाले, की ती आदल्या आठवड्यात दिली असेल. डोक्याचा नुसता भुगा!

शेवटी आई मला घेऊन वस्तीच्या ऑफिसात गेली. तिला हिब्रू येत नव्हतं. कारकुनाने वही उघडली. दोन्ही पूर तारखेसकट लिहिलेले: तंबू वाहून गेले, पाइप फुटला, एक गाढव मेलं. माणूस एकही नाही.

"गाढव लिहिलंत, आणि माझा नवरा नाही?" आई म्हणाली. मी ते तसंच्या तसं हिब्रूत सांगितलं.

तो ओशाळला. पेन उचलून मला म्हणाला, "आता लिहितो. कोणत्या पुरात?"

"काय म्हणतोय गं?" आईने विचारलं.

तो आपल्यालाच विचारतोय, हे तिला सांगायची माझी छाती झाली नाही. त्याला म्हटलं, पहिल्या. आणि आईला म्हटलं, "सापडलं आई. पहिला पूर."

आई तिथंच बाकावर बसून रडली. देवाचे आभार मानत होती, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

आता भाऊ दरवर्षी त्या तारखेला कद्दीश म्हणतो. पहिला पूर बघायला मी धावले होते आणि चिखलाने बरबटून परत आले होते. तेव्हा कुणीतरी रागावत, आपल्या शर्टाने माझे पाय पुसले. शेजारणीला मी कितीदा तरी विचारलं. ती म्हणते, ती मी नव्हे गं. मग ते बाबा असतील, तर पहिल्या पुरात गेले कसे?