शांघायच्या देवाचा नारळ

पन्नास सालानंतरची चार-सहा वर्षं मी मालवाहू बोटीवर तेलवाला होतो. इंजिनाच्या सांध्यांना तेल घालायचं, एवढंच काम. बोटीचा स्वयंपाकी वालावलचा होता. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला काका म्हणायचो. मी मालवणकडच्या तोंडवलीचा, वालावलच्याच मुलखातला, म्हणजे त्याच्या लेखी घरचाच.

एकदा चीनच्या समुद्रात आम्हाला वादळाने गाठलं. तीन दिवस भात शिजला नाही. तिसऱ्या दिवशी काका खांबाला मिठी मारून बसला होता. त्याने हात जोडायला खांब सोडला आणि तसाच घरंगळत पिंपांवर जाऊन आपटला. तिथूनच तो नवस बोलला, "हयचो जो कोण देव आसात, तेका माझो एक नारळ."

मी नंतर विचारलं, गावच्या लक्ष्मीनारायणाला का नाही बोललास? तो म्हणाला, देवाची हद्द असते. इतक्या लांब त्याला कशाला त्रास द्यायचा?

वारा पडला आणि आम्ही शांघायला लागलो. काकाने कोलंबोला घेतलेल्या नारळांतला एक निवडला, शेंडी ठेवून सोलला आणि मला म्हणाला, चल. बंदरात खलाशांना शहर दाखवायला एक दुभाषी मुलगी आली होती. निळा कोट, दोन वेण्या, इंग्रजी चांगलं. माझं इंग्रजी मालवणच्या शाळेतलं, आठवीपर्यंतचं. इथल्या गावचा देव कुठे आहे, असं काकाने मला विचारायला लावलं. तिला काय समजलं कोण जाणे, पण तिने आम्हाला ट्राममधून एका जुन्या बुद्धमंदिरात नेलं. शेकडो वर्षांचं आहे म्हणाली.

पिवळ्या भिंती, वर वळलेली छपरं आणि अंगणात धूप जाळायची माणसाएवढी लोखंडी कढई. आम्ही आपल्या रिवाजाप्रमाणे दारात बूट काढले. बाकी सगळे बूट घालूनच आत जात होते. गारठ्यात काका अनवाणी, पंजे आखडून चालला होता. आत सोन्याचा मुलामा दिलेले तीन प्रचंड बुद्ध. काका बराच वेळ वर बघत राहिला. यातला वादळाचा कोण, असं त्याला विचारायचं होतं. मला ते इंग्रजीत जमेना. शेवटी त्याने तिघांना मिळून गाऱ्हाणं घातलं, अगदी गावच्या सुरात, आणि दर वाक्याला सगळ्या गावकऱ्यांच्या जागी मी एकटाच "होय महाराजा" म्हणत होतो. चिनी बायका उदबत्त्या हातात धरून ऐकत उभ्या राहिल्या.

मग काका अंगणात आला आणि कढईखालच्या दगडावर नारळ आपटण्यासाठी त्याने हात उगारला. दुभाषी दोन पावलं मागे सरली. नारळ एका फटक्यात फुटला, पाणी तिच्या कोटावर उडालं आणि आतून एक म्हातारा भिक्षू धावत आला. मी घाईघाईने सांगितलं, भेट आहे, देवाला. दुभाषीने ते चिनीत सांगताच भिक्षूचा चेहरा निवळला. त्याने नारळाची दोन्ही भकलं अलगद उचलली आणि आत नेऊन फळांच्या ताटात ठेवली.

काका हलेना. दुभाषी निघू या म्हणत होती. काका म्हणाला, "माझा भकल खंय?"

मी तिला सांगितलं, अर्धा देवाचा, अर्धा आमचा. तिला वाटलं मी इंग्रजी चुकतोय. तीनदा सांगितल्यावर तिने भिक्षूला विचारलं. त्याने शांतपणे उलट विचारलं, देवाला दिलेलं परत कसं मागता?

काका म्हणाला, "देवाक वास पुरे. देवान खोबरा खाल्लेला मी तरी बघूक नाय."

हे मालवणीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून चिनीत जाईपर्यंत मला घाम फुटला.  म्हातारा इतका हसला की खांबाला टेकला. आम्हीही संध्याकाळी ताटातली फळं उतरवून खातो, असं त्याने कबूल केलं; मासे-मांस मात्र मठात चालत नाही, म्हणाला. एक भकल त्याने परत दिलं, वर चार संत्री. काकाने खिशातला चाकू काढून खोबऱ्याचे तुकडे केले आणि सगळ्यांना प्रसाद वाटला. दुभाषीने तुकडा इतका वेळ चावला की तिला पुढचं काही सांगता येईना.

सुटीवर घरी आलो तेव्हा मी हे सगळं आईला सांगितलं. तिने मंदिराचं, सोन्याचं काहीच विचारलं नाही. तिथला पुजारी कसा होता, एवढंच विचारलं. मी म्हटलं, भला माणूस, पण मासे खात नाही.

आई पेडव्यांची खवलं काढत होती. तिचा हात थांबला.

"मगे जगता कसो तो?" तिने विचारलं.