बांधीची गाडी

आमच्या घरात मोटारींचं वेड कोणालाच नव्हतं. नवरा बँकेत, मी ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला. नागपुरातल्या नंदनवन भागातल्या आमच्या घरासमोर एक लहान पांढरी गाडी उभी असायची आणि तिच्यावर सगळं भागत होतं. त्यामुळे दुसऱ्या गाडीबद्दल कोणी विचारलं की सुरुवात कुठून करावी हे मला अजून कळत नाही. बहुतेकदा मी बांधीपासून सुरू करते, कारण लाज तिथूनच सुरू होते.

कुही गावाजवळ माझ्या वडिलांची धानाची शेती. बांध घालून पाणी अडवलेल्या वावराला आमच्याकडे बांधी म्हणतात. वडील गेल्यावर धाकटा भाऊ ती कसत होता. नवा रस्ता निघाला, त्यात आमची सगळ्यात चांगली बांधी गेली आणि मोबदला आला. अशा वेळी आमच्याकडच्या बहिणी हक्क सोडल्याची सही करून मोकळ्या होतात. मीही त्याच तयारीने गेले होते. भावाने कागद पुढे केलाच नाही.

"अर्धं तुयं हाय, बाई," तो म्हणाला. "बांधी होती तं मी कसत होतो, मी खात होतो. आता बांधीच नाही राहिली तं कसाचं काय अन् खाचं काय? बाबा असते तं त्याईनं बी हेच केलं असतं."

मी पुष्कळ नाही म्हटलं. त्याची बायको आतून चहा घेऊन आली आणि म्हणाली, "घ्या नं बाई, आता हे काही ऐकत नाहीत." मी पैसे घेतले. मुलीच्या लग्नाला होतील, एखादा प्लॉट घेऊ, असं नवरा आणि मी बोलायचो. बोलण्यापलीकडे काही होत नव्हतं.

त्याच हिवाळ्यात नवऱ्याच्या मित्राला जुनी गाडी घ्यायची होती, म्हणून आम्ही तिघं वर्धा रोडवरच्या एका व्यापाऱ्याकडे गेलो. ते दोघं एका उंच गाडीच्या इंजिनात डोकं घालून उभे होते. मी कंटाळून फिरत होते. मागच्या बाजूला एक गडद निळी, बुटकी गाडी होती. दोन दारं, दोनच सीट, आणि वर छत नाही. काळ्या कापडाचं छत घडी होऊन मागे बसलेलं. कोण्या डॉक्टरची होती, ते परदेशी गेले, असं व्यापाऱ्याचा माणूस म्हणाला. "बसून पाहा नं मॅडम, बसायचे पैसे नाही."

मी बसले. बसले म्हणजे जवळजवळ पडलेच, इतकी ती सीट खाली होती. पाय लांब पसरले गेले, डोकं मागे टेकलं आणि समोर एकदम आभाळच आलं. त्यात एक घार फिरत होती. मला हसू आलं. कशाचं आलं ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. मी हसतेय हे पाहून नवरा इंजिन सोडून आला आणि माझ्याकडे पाहत राहिला.

घरी आल्यावर मी त्या गाडीबद्दल काही बोलले नाही. पुढच्या शनिवारी कॉलेजातून परस्पर तिकडे गेले आणि पुन्हा बसून आले. त्याच्या पुढच्या शनिवारी नवऱ्यानेच विचारलं, "आज पण बसायले जाणार काय?" मग म्हणाला, "तुले पाहिजे आहे तं घे नं. पैसे तुये, तुया बाबाचे. मी कोण नाही म्हणणारा?"

त्याने अडवलं असतं तर बरं झालं असतं, असं पुढे मला बरेचदा वाटलं.

गाडी गल्लीत आणली तो रविवार होता. आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाल्यापासून रस्ता उंच आणि घरं खाली अशी अवस्था आहे. फाटकातून आत घेताना गाडीचं पोट सिमेंटला असं घासलं की समोरच्या तिन्ही घरांतले लोक बाहेर आले. शेजारच्या काकांनी विचारलं, "कोणाची गाडी आहे हो?"

"हिची," नवरा म्हणाला. अगदी कौतुकाने.

‘आमची’ म्हणायला याला काय झालं होतं, असं मला वाटलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि "अरे वा, अरे वा" म्हणाले. दुसऱ्या "अरे वा"मध्ये सगळं आलं होतं.

नागपुरात उघड्या गाडीचं करायचं तरी काय? होळीपासून उन्हाचा असा मार असतो की छत उघडलं तर माणूस भाजून निघेल. पुढे पावसाळा. उरले हिवाळ्यातले थोडे दिवस. त्या दिवसांत सकाळी मी छत उघडून कॉलेजला निघायचे, आणि कॉलेजच्या मागच्याच गल्लीत गाडी लावून, पर्स सांभाळत, शहाण्या बाईसारखी चालत गेटमधून आत जायचे. त्या खड्ड्यासारख्या सीटमधून साडी सावरत बाहेर निघणं म्हणजे एक हात दारावर, एक गुडघ्यावर आणि तोंडात "आई गं". ते विद्यार्थ्यांनी पाहू नये एवढीच इच्छा. पण मुलांपासून काय लपतं? एकदा वर्गाकडे पाठ फिरवली तशी मागून कोणीतरी हळूच हॉर्न वाजवल्याचा आवाज काढला. मी ऐकलंच नाही असं केलं आणि समीकरण चुकीचं लिहिलं.

भावाला मी फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "बरं केलं." आणि लगेच, "नवे तांदूळ पाठवू काय?"

त्यानंतर कुहीला जायची वेळ आली की मी नवऱ्यासोबत पांढऱ्या गाडीनेच जायचे. निळीचा विषय तिथे कोणी काढत नसे. न काढण्यातूनच मला कळायचं की मी नसताना तो निघत असणार.

मग गेल्या डिसेंबरात मोठीमाय गेली. मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आम्हा भावंडांचं अर्धं बालपण तिच्या चुलीपाशी गेलेलं. सकाळी भावाचा फोन आला.

"बाई, मोठीमाय गेली वं. दुपारी माती हाय. लवकर ये, तुयासाठी थांबवून राहिलो."

नवरा पांढरी गाडी घेऊन बँकेच्या कामाला अमरावतीला गेला होता. भाड्याची गाडी मागवायला फोन केले, तर लग्नाची तिथी, कोणी तासाभराच्या आत येईना. दारात निळी उभी होती. आणि तिचं छत आठवड्यापासून बंद होत नव्हतं. उघडलं ते मागे जाऊन अडकलं होतं आणि मोटरचा सुटा भाग मुंबईहून यायचा होता. पांढरी साडी नेसून मी तिच्याकडे बघत उभी राहिले. मग ओढणी घेतली, उन्हाळ्यात स्कूटीवाल्या मुली बांधतात तशी डोक्याला नि तोंडाला गच्च गुंडाळली, आणि निघाले.

वाटभर मी रडत होते आणि रडणं वाऱ्याने वाळून जात होतं. मोठीमायसाठी रडत होते हे खरं. पण अर्धं लक्ष समोर होतं, गावात शिरायची वाट कोणती धरली तर कमी लोक दिसतील याच्यावर. आपल्या माणसाच्या मातीला जाताना असले हिशोब मनात यावेत याचीच लाज वाटत होती, तरी मन काही थांबत नव्हतं.

घरासमोर मांडव होता. बाहेर माणसं खाली माना घालून बसलेली, आत बायांचं रडणं चाललेलं. आमच्याकडे कोणी नवं माणूस दाराशी आलं की आतल्या बाया उठून गळ्यात पडतात आणि रडण्याला नव्याने जोर येतो. मी गाडी बंद केली. एक हात दारावर, एक गुडघ्यावर, ओढणीने तोंड बांधलेली अशी मी त्या सीटमधून वर निघाले, आणि आतलं रडणं थांबलं.

खरंच थांबलं. मांडवातल्या माणसांनी माना वर केल्या होत्या. त्या शांततेत एक म्हातारी, जिला ऐकू येत नाही म्हणून जी सगळं ओरडूनच बोलते, तिने शेजारणीला विचारलं, "हे तेच काय वं? बांधीची गाडी?"

मी ओढणी सोडली, आत गेले. भावाच्या बायकोने मला मिठीत घेतलं आणि रडणं पुन्हा सुरू झालं. मी मोठीमायच्या पायांवर डोकं ठेवलं. ते पाय अगदी लहान झाले होते. पण कानात ती म्हातारीच होती.

चितेला अग्नी देऊन, माती करून पुरुष परतले. नदीवर आंघोळ करून आलेला भाऊ ओल्या टॉवेलनेच मांडवाबाहेर गेला. खिडकीतून मी पाहिलं, त्याने धान झाकायची मोठी ताडपत्री आणली आणि माझ्या गाडीवर अंथरली. चारही कोपऱ्यांना विटा ठेवल्या. मी त्या ताडपत्रीकडे पाहत भिंतीला टेकून बसून राहिले.

ऊन उतरल्यावर मी निघाले. भावाने विटा काढल्या, ताडपत्री घडी केली आणि दार उघडून माझ्या बाजूच्या सीटवर येऊन बसला.

"तू कुठं?" मी विचारलं.

"रस्त्यापर्यंत येतो. चाल."

"अरे पण लोक... सुतक आहे."

"सुतक मले हाय, गाडीले नाही," तो म्हणाला.

गाव मागे पडलं. मग नव्या रस्त्यावर चढलो. रुंद, गुळगुळीत, दोन्ही बाजूंना कापणी झालेले धानाचे खुंट. सकाळीही मी जुन्या वाटेनेच आले होते, या रस्त्यावर ती गाडी कधीच आणली नव्हती. थोडं पुढे गेल्यावर त्याने हात वर केला.

"हळू. हे पाह्य, इथून."

मला आधी कळलं नाही. मग समजलं, आपली बांधी इथून सुरू व्हायची, आणि मी ब्रेकवर पाय ठेवला. पण गाडी ती, हळू म्हटलं तरी पुढे सरकतेच.

"इथं आपली विहीर होती," तो म्हणाला. "इथं तू धानाचे पऱ्हे टाकताना चिखलात पडली होती. हा..." त्याने मागे वळून पाहिलं. "झाली."

"झाली? एवढ्यात?"

"हो. बाबाले चिखलणीले दिवसच्या दिवस पुरत नव्हते." तो सीटवर वळूनच बसला होता. "फिरव. आणखी एकदा जाऊ."

पुढे दुभाजक जिथे तोडलेला होता तिथून गाडी वळवली. परत येताना मी आणखी हळू चालवली. मागून ट्रकवाले हॉर्न देऊन राहिले होते. भाऊ रडत होता. मोठीमायच्या चितेपाशी तो रडला नव्हता, असं मला नंतर त्याच्या बायकोने सांगितलं. बंद गाडी असती तर काचेआड तरी रडला असता. इथे डोक्यावर काहीच नव्हतं. बाजूने जाणारे मोटरसायकलवाले वळून वळून पाहत होते.

रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली. मी विचारलं, "गाडी घेतली म्हणून राग आला तुले?"

त्याने टॉवेलने तोंड पुसलं. "आला होता," तो म्हणाला. "खोटं काहून बोलू? तू प्लॉट घेशील असं वाटलं मले. बहिणीनं प्लॉट घेतला, असं माणूस सांगते चार लोकाईले. हे काय सांगावं? पानठेल्यावर गेलो का विचारतात, काय गा, बहिणीनं म्हणते बिनाछताची गाडी घेतली? वरून हसतात. वर्ष झालं, मी काही ना काही सांगून राहिलो. कधी म्हणतो तिच्या कॉलेजनं देल्ली, कधी म्हणतो भाऊजीची हौस."

"आणि ताडपत्री?"

"लाज वाटली मले," तो म्हणाला. "सगळे सोयरे आले होते."

वर्षभर मी समजत होते की ही लाज माझी एकटीची आहे. नंदनवनच्या गल्लीत आणि कॉलेजच्या मागे मी ती लपवत फिरत होते. इकडे हा माणूस, ज्याने न मागता मला माझा वाटा दिला, पानठेल्यावर उभा राहून माझ्यासाठी खोटं बोलत होता. मला त्याच्याकडे पाहवेना.

"विकून टाकते," मी म्हटलं. "उद्याच."

"इकू गिकू नको," तो लगेच म्हणाला. "इकली तं लोक म्हणतील, पाहा, पस्तावली. ते त्याच्याहून वाईट." मग थोड्या वेळाने, "तुले देल्लं तं तुयं झालं. मी बोलाचा नाही. पण आवडलं असं बी म्हणत नाही."

"तू कशाने जाशील आता?"

"पायी. जवळच हाय." तो उतरला. त्याला त्या सीटमधून निघताना माझ्यासारखाच एक हात दारावर आणि एक गुडघ्यावर ठेवावा लागला. दार त्याने अगदी हळू लावलं, दुसऱ्याच्या वस्तूचं लावावं तसं.

गाडी अजून माझ्याकडेच आहे. छत दुरुस्त झालं. भाऊ आता फोनवर कधी कधी स्वतःहून तिचा विषय काढतो, म्हणजे चालते काय, बिघडली तं नाही, एवढंच. लाज गेली असं म्हणता येणार नाही. कॉलेजच्या गेटमधून मात्र मी ती आत नेते, कारण लपवायला मागची गल्ली मला आता दूर वाटते.

या जानेवारीत एका सकाळी सिग्नलला थांबले होते. छत उघडं. शेजारी एक बस येऊन उभी राहिली आणि खिडक्यांतले सगळे खाली माझ्याकडे पाहू लागले. वरून सगळंच दिसत असणार. मांडीवरचा डबा, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, काढून ठेवलेल्या चपला, विरळ झालेला भांग. मी मान खाली घातली. तेवढ्यात एका खिडकीतून माझ्याच वयाच्या एका बाईने विचारलं, "काहो, थंडी नाही वाजून राहिली काय तुम्हाले?"

"वाजते," मी म्हटलं.

तिने मान हलवली. सिग्नल सुटला.