जावईबापूंना हवे होते दोनशे घोडे

मास्तरांची तीस वर्षं इंजिनं खोलण्यात गेली. गॅरेजात चुकीचं बोलेल त्याला ते तोंडावर सुनवायचे. अपवाद एकच, जावई. आणि नेमके तेच रोज संध्याकाळी येऊन डोकं खायचे.

जावईबापूंनी जुनी, दोन सीटची स्पोर्ट्स कार घेतली होती. हलकी, चपळ, एकशे तीस हॉर्सपॉवरची. पण ऑफिसात कुणीतरी डिवचलं, ‘एवढ्यात काय होतंय?’ झालं, तेव्हापासून एकच धोशा.

“बाबा, निदान दोनशे तरी हवेत.”

“अहो, गाडीचं वजन टनभरसुद्धा नाही. आहेत ते भरपूर आहेत.”

“पण मजा येत नाही.”

“तुम्ही पेडल पूर्ण दाबलंय कधी?”

“छे! रस्त्यावर एवढी जागा कुठे असते?”

मास्तरांनी कपाळाला हात लावला. तेलाची बोटं उमटली. जे वापरलंच नाही, ते कमी कसं पडतं? पण जावयाला बोलणार कोण? लेकीनेही गळ घातली, तेव्हा त्यांनी हात टेकले. तीन आठवडे खपून इंजिनाची ताकद वाढवणारा टर्बो बसवला, क्लच बदलला.

चौथ्याच दिवशी ओल्या वळणावर गाडीची शेपटी फिरली आणि जावईबापू उलट्या तोंडाने कुंपणाच्या झुडपात गेले. खरचटलंही नाही, पण धसका बसला. दोन महिने बायकोची छोटी गाडी घेऊन ऑफिसला गेले. मास्तरांची मेहनत कव्हरखाली धूळ खात पडली.

शेवटी मास्तरांनीच ती स्पोर्ट्स कार ओढून आणली, चरफडत टर्बो काढला, होतं तसं केलं आणि एका रविवारी सकाळी जावयाला खाणीमागच्या रिकाम्या, वळणांच्या रस्त्यावर नेलं.

“दुसरा गिअर. आता पेडल तळाला टेकवा.”

जावईबापूंनी हळूच दाबलं.

“टेकवा म्हणतो ना!”

आणखी थोडं दाबलं.

“अरे दाब की लेका!”

पाय दचकून तळाला गेला. इंजिन किंचाळलं, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा लाल रेषेला भिडला, गिअर पडला, वळण आलं आणि गाडी रस्त्याला चिकटून निघाली. जावईबापू पोरासारखे खिदळायला लागले.

“बाबा, वेग बघा! फक्त सत्तर, आणि एवढी मजा!”

“मग? पुरतात ना?”

“पुरतात!”

त्या दिवसापासून मास्तर जावयाला बिनधास्त अरेतुरे करू लागले. जावयालाही ते आवडलं असावं, कारण पुढच्याच आठवड्यात तो पुन्हा दारात हजर.

“बाबा, सायलेन्सरचा आवाज जरा वाढवता येईल का?”

“घरी जा,” मास्तर म्हणाले.