अनुभव नका मागू

"लुगडं नाही नेसलात?"

मॅडमनी मला सभागृहाच्या दारातच विचारलं. पालघरला, आमच्या कॉलेजात, चर्चासत्राच्या दिवशी. बाहेरून आलेल्या पाहुण्यांच्या देखत. मी सलवार-कुर्ता घातला होता. रोज शिकवायला येते तसाच.

"म्हणजे तुमच्या समाजाचं हो. फोटोत छान दिसलं असतं."

पाहुणे हसले. मीही हसले. सवय.

मॅडम राज्यशास्त्र विभागाच्या प्रमुख. मी त्यांच्या हाताखाली तासिका तत्त्वावर. दर वर्षी नेमणूक नवी, दर वर्षी त्यांची मर्जी सांभाळायची. चारचौघांत त्या मला तुम्ही म्हणत. खोलीत शिरलं की तू. मी तारापूरच्या बाजूची, मासेमाराच्या घरातली. आई बोईसरच्या बाजारात मासळी घेऊन बसते. मी राजकीय विचार शिकवते, पीएचडीही त्यातच करते.

चर्चासत्र राजकीय विचारातल्या नव्या संशोधनावर होतं. माझा पेपर संमतीवर. गप्प बसलेला माणूस होकार देतो, असं राज्यकर्ते आणि विचारवंत फार काळ धरून चालले. अलीकडचे अभ्यासक म्हणतात, नाही म्हणायची सोय नसेल तर गप्प बसणं हा होकार नव्हे. मला त्याच्या पुढचं म्हणायचं होतं. नाही म्हणायची सोय असली, तरी ते 'नाही' कुठल्या खात्यात टाकतात? आमच्यासारख्यांचा नकार विचार म्हणून धरतच नाहीत. दुःख म्हणून धरतात. दुःखाला उत्तर द्यावं लागत नाही. हळहळलं की झालं.

किती महिने घासला होता तो पेपर.

कार्यक्रमपत्रिका हातात आली. सकाळच्या सत्रात माझं नाव नाही. जेवणानंतर होतं : 'स्थानिक आवाज – मच्छिमार भगिनीचे अनुभवकथन'. पेपरचं शीर्षकच गायब. मी मॅडमना बाजूला घेऊन विचारलं.

"अगं, थिअरी वाचणारे ढीगभर आहेत. अनुभव फक्त तुझ्याकडे आहे."

सकाळी एका पाहुण्यांनी संमतीवरच वाचलं. मी वाचलेलीच पुस्तकं, मी वाचलेलेच लेख. त्यांना कोणी विचारलं नाही, तुमची आई काय करते?

जेवणानंतर मी उभी राहिले. पेपर काढला आणि वाचायला लागले. दुसऱ्या पानावर मॅडम शेजारी येऊन उभ्या राहिल्या. माइकवर हात ठेवला.

"थांब जरा. हे सगळं सकाळी झालंय. तू आईचं सांग. टोपली, बाजार, तुझं शिक्षण. रडव सगळ्यांना."

हळू बोलल्या असं त्यांना वाटलं. पहिल्या दोन रांगांना ऐकू गेलं. मग त्यांनी माझ्या हाताखालचे कागद उचलले. अगदी सहज. लहान पोराच्या हातातून काडेपेटी काढून घ्यावी तसे.

माझे कान तापले. रडले असते तर त्यांना हवं तेच झालं असतं. ते कळलं आणि हात पुढे केला.

"मॅडम, पेपर द्या."

"अगं, पण –"

"पेपर द्या माझा. आई हा इथला विषय नाही. विषय संमती आहे."

मी त्यांच्या हातातून कागद ओढून घेतले. त्यांनी माइक बंद करायला लावला. "वेळ संपली," म्हणाल्या. मी माइकशिवाय वाचत राहिले. माणसं उठून चहाला गेली. कपबशांचा आवाज यायला लागला, तसा मी आवाज चढवला. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. प्रश्न कुणी विचारला नाही.

जूनमध्ये कॉलेजातून फोन आला नाही. कळायचं ते कळलं. चर्चासत्राचं पुस्तक निघालं. त्यात माझा पेपर नाही. फोटो आहे. खाली छापलंय, 'आपले मनोगत व्यक्त करताना स्थानिक भगिनी'.

आई चिडली. "सांगायचं ना माजं! माजं काय जात होतं? नोकरी तरी रायली आसती."

"तुजं सांगितलं आसतं त टाळ्या वाजवल्या आसत्या, आई. मला काय कळतं ते कोनी विचारलं नसतं."

"ते आता तरी कुटं विचारतात?"

खरं होतं तिचं. आता बोईसरला एका क्लासमध्ये नागरिकशास्त्र शिकवते. कारखान्यांत कामाला असलेल्यांची पोरं, निम्मा तास हिंदीत. रोज संताप येतो. बसमध्ये येतो, तांदूळ निवडताना येतो. प्रबंध चालू आहे.

मागच्या महिन्यात दुसऱ्या कॉलेजातून फोन आला. "मॅडम, तुमचं अनुभवकथन ठेवायचंय."

"अनुभव मिळणार नाही," मी म्हटलं. "संमतीवरचा पेपर आहे. तो वाचेन, पुरा वाचेन. वर तुम्ही प्रश्न विचारायचे."

"कळवतो," म्हणाले. कळवलं नाही.

हे लिहिलं, कारण काय घडलं ते माझ्या तोंडून एकदा सांगायचं होतं. पुन्हा सांगणार नाही. यापुढे माझ्याकडे दुःख मागायला येऊ नका. वाद घालायचा असेल तर या. वाचून या.