चढला माणूस उतरतेच

या पृथ्वीवर बिननोंदीचा एकही माणूस राहू नये, ही काळजी देवाला नसेल इतकी आमच्या साडभाऊंना आहे. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे यजमान; मी त्यांना साडभाऊ म्हणतो आणि तेही मला साडभाऊच म्हणतात. उभी हयात त्यांनी नागपूरच्या एस.टी. स्थानकात चौकशीच्या खिडकीमागे काढली. निवृत्त झाले, खिडकी सुटली, चौकशी काही सुटली नाही. आता घराच्या दाराशीच एक जाडजूड रजिस्टर असतं. पाहुण्यानं चप्पल काढली की आधी नाव, बापाचं नाव, मूळ गाव, उंची आणि अंगावरच्या खुणा, मग पाणी. मी तर घरचा माणूस, पण मलाही सोडलं नाही. ऐन दिवाळीत भिंतीला पाठ लावून उभं केलं, डोक्यावर फूटपट्टी आडवी धरली आणि पेन्सिलीनं रेघ मारली. टक्कल ही खूण धरायची की नाही, यावर त्यांनी बराच विचार केला. शेवटी म्हणाले, "नाही धरत. टक्कल मांगून आलं. खूण पक्की पाहिजे." आतून ताई ओरडल्या, "अहो, फराळ तं करू द्या त्याईले! पाहुना हाये का चोर हाये?"

एकदा पुतणीला बघायला मंडळी आली, तर मुलाच्या वडिलांना त्यांनी सदरा वर करायला लावून पाठीवरचा जुना वण टिपून घेतला. आम्ही सगळे माना खाली घालून पोहे चिवडत बसलो. पण ते गृहस्थही असे वल्ली, की वण कसा पडला याची हकिगत रंगवून सांगत बसले आणि लग्न तिथंच ठरलं. तेव्हापासून "माह्या रजिस्टरनं सोयरीक जुळली" हे ते चारचौघांत छाती काढून सांगतात. कोण काय बोलणार?

आता कोणी म्हणेल, हे खूळ आलं कुठून? तर ते आलं त्रिनिदादहून. साडभाऊंच्या आजोबांचा थोरला भाऊ ऐन विशीत उमरेडहून हातमाग सोडून गेला, तो परत आलाच नाही. मजूर भरती करणाऱ्या कोणा दलालाबरोबर बोटीनं कुठल्याशा बेटावर गेला, एवढंच घरात माहीत. त्यामुळे एक मोठी पंचाईत झाली. अक्षय तृतीयेला आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं नवी घागर आणून पाण्यानं भरतात. पण हा गेला की आहे? जिवंत माणसाची घागर भरायची कशी? म्हणून दरवर्षी त्याची घागर आणायची आणि पालथी ठेवायची. साडभाऊंची एक आत्या होती, लवकर विधवा होऊन माहेरी उमरेडलाच राहिलेली. तिच्या वडिलांनी जाताना तिला बजावलं होतं, दादाची खबर येईपर्यंत भरू नको. ती घागर आत्यानं उभा जन्म पालथी ठेवली. नव्वदीला टेकल्यावर तिनं साडभाऊंना विचारलं, "अरे, लोकाईले साऱ्या गाड्या सांगतं, मंग आपला मानूस कुठी उतरला ते काहून नाही सांगत?"

झालं! साडभाऊंना ते लागलं. त्यांचा आयुष्याचा सिद्धांतच असा, की "चढला माणूस उतरतेच. कुठी ना कुठी लिहेल असते." नातवाकडून कॉम्प्युटर शिकले आणि ते बेट म्हणजे त्रिनिदाद, हे हुडकून काढलं. सकाळी आंघोळ, मग चहा, मग त्रिनिदाद, असा दिवसाचा क्रम लागला. त्या बेटावर उतरलेल्या प्रत्येक मजुराची नोंद गोऱ्या साहेबानं करून ठेवली होती. नाव, बाप, गाव, उंची, खुणा, सगळं. साडभाऊंना तो साहेब आपल्याच खात्यातला वाटू लागला. मला ते प्रवास समजावून सांगायचे, "उमरेडहून नागपूर, नागपूरहून रेल्वेनं कलकत्ता, तिथून जहाज. थेट गाडी नव्हती तेव्हा."

आणि एक दिवस सापडला! नाव जुळलं, बाप जुळला, गाव जुळलं. खूण लिहिली होती, डाव्या भुवईवर व्रण. साडभाऊंनी लगोलग आत्याला फोन लावला. "आत्या, त्याच्या डाव्या भिवईवर वण होता का?" आत्याचा जन्म तो माणूस गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी झालेला. ती म्हणाली, "असन, बाप्पा." म्हणजे पुरावा पक्का! शेवटच्या रकान्यात तापानं मेल्याची नोंदही होती. साडभाऊ मोठ्यानं रडले आणि मग पेढे वाटले. त्या अक्षय तृतीयेला उमरेडला आत्यानं ती घागर सुलटी केली आणि पहिल्यांदा भरली. मी तिथं होतो. म्हातारी त्या दिवशी दोन पुरणपोळ्या जेवली.

नोंदीची दोन पानं साडभाऊंनी मोठी छापून बैठकीत शेजारी शेजारी टांगली. डाव्या पानावर नाव-गाव, उजव्या पानावर खुणा आणि मरण, दोन्हींवर त्याच्या ओळीखाली लाल रेघ. एकदा चहा यायला उशीर झाला म्हणून मी आपला ओळी मोजत बसलो आणि माझ्या जिभेला मेलं हाड नाही, बोलून गेलो, "साडभाऊ, डावीकडची रेघ सातव्या ओळीवर आहे, उजवीकडची आठव्या." ते हसले. मग फूटपट्टी घेऊन उठले. मग हसायचे थांबले. चाळीस वर्षं वेळापत्रकावर बोट फिरवताना ज्यांची एक ओळ कधी घसरली नाही, त्यांची नेमकी इथं घसरली होती. भुवईवरचा वण दुसऱ्याचा, मरणही दुसऱ्याचंच. आमच्या माणसाच्या ओळीत शेवटचा रकाना कोरा होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आत्याला सांगू नका," मी म्हणालो. "समाधानात आहे, राहू द्या."

"खिडकीतून चुकीची गाडी सांगतली त धावत जाऊन सांगा लागते, साडभाऊ. माणूस बसून जाते ना भलत्याच गाडीत."

दुसऱ्याच दिवशी आम्ही उमरेडच्या गाडीत बसलो. अख्ख्या प्रवासात त्यांनी कंडक्टरला एक प्रश्न विचारला नाही, तेव्हा मी खरा घाबरलो. आत्या ओसरीत वाती वळत बसली होती. साडभाऊ तिच्या पायाशी बसले.

"आत्या, चुकलं माह्यं. आपण घागर भरली तो आपला नव्हता."

"मंग कोन होता?"

"खालच्या ओळीतला, दुसराच. एकाच जहाजानं गेले होते दोघं."

"त्याची भरते का कोनी?"

"मले काय मालूम, आत्या?"

"मंग काहून रडून राहिला? वाया थोडीच गेलं पानी! त्यालेही तहान लागलीच असन."

"अन् आपला? त्याचं मेल्याचं कुठी लिहेलच नाही. कोरं हाये."

आत्यानं हातातली वात पुरती वळली. "शंभर वर्सं होऊन गेले, पोरा. कागदाले नसन मालूम, मले मालूम हाये. पुढच्या साली दोन भरजो."

त्यानंतर दोन वर्षांनी आत्या गेली. यंदाच्या अक्षय तृतीयेला उमरेडच्या ओसरीत तीन घागरी होत्या. त्या खालच्या ओळीतल्या माणसाचं नाव आता घरात लहानथोरांना पाठ आहे. ताईंनी पाणी आधी त्याच्या घागरीत ओतलं. पाहुण्याचं आधी, म्हणाल्या.

जेवणं झाल्यावर साडभाऊंनी पिशवीतून रजिस्टर काढलं. आत्याची ओळ त्यांनी उघडून माझ्यापुढे धरली. नाव, बापाचं नाव, गाव. उंचीसमोर 'वाकलेली, मोजू दिली नाही'. खुणांमध्ये हनुवटीवरचं गोंदण. माणूस गेल्यावर भरायचा 'कुठे उतरली' हा शेवटचा रकाना मात्र तसाच कोरा होता. मी खिशातलं पेन काढून त्यांच्यापुढे केलं.

"राहू द्या, साडभाऊ," ते म्हणाले. "कागदाले नसन मालूम."