ओटी भरायला गेले तेव्हा

माझा रक्तगट बी निगेटिव्ह. लग्न जमवताना पत्रिका पाहिली, उंची पाहिली, आत्यानं तर मला सगळ्यांसमोर चालून दाखवायला लावलं. रक्तगट कोणी विचारला नाही. तो आत्ता, पन्नाशी उलटल्यावर, हैदराबादच्या एका दवाखान्यात सगळ्यात महत्त्वाचा ठरला. मला रक्ताचा कॅन्सर आहे. औषधं लागू पडली, मग पडेनाशी झाली. डॉक्टर तरुण आहे, बोलताना फाइलीकडं बघतो. मी म्हटलं, "माझ्याकडं बघून सांगा हो, मी काही चावत नाही." तेव्हा त्यानं सांगितलं की आता बरं होणं नाही, फक्त सांभाळणं. प्लेटलेट्स देत राहायच्या, म्हणजे रक्त वाहायला लागणार नाही. किती दिवस, तर काही महिने.

परत येताना तारनाक्याच्या सिग्नलला गाडीत रडून घेतलं. तिथल्या गर्दीत कोणाला कोणाची पडलेली नसते. घर आलं तेव्हा डोळे पुसले, कारण घरात लेक होती.

ती इंटरच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे आपल्या बारावीला आहे. उन्हाळ्याच्या तोंडाला तिचे पेपर. आई आजारी आहे एवढं तिला माहीत होतं, आई जाणार आहे हे नव्हतं. मी देवाजवळ मोठं काही मागितलं नाही. तिचे पेपर संपेपर्यंत मला जगायचं होतं, आणि होता होईल तो घरात, हिंडतं-फिरतं जगायचं होतं. आईला पोचवून येऊन फिजिक्सचा पेपर लिहायची पाळी माझ्या पोरीवर यायला नको, एवढंच. हे मी मराठीत लिहितेय तेही त्यामुळंच. तिला मराठी वाचताना अक्षर अक्षर लावावं लागतं, ती एवढ्यात इथवर पोचायची नाही. नवऱ्याला वाचता येतं. त्यानं जरूर वाचावं.

नवऱ्यानं रक्तासाठी धावपळ केली हे मी नाकारत नाही. फोन केले, ग्रुपवर टाकलं, नातेवाइकांना पिडलं. बी निगेटिव्ह माणूस मिळता मिळेना. मग एके दिवशी तो म्हणाला, "आमच्या सेक्शनमध्ये एक बाई आहे. तिचा आहे तोच गट. द्यायला तयार आहे."

तिनं प्लेटलेट्स दिल्या. माझ्या हिरड्यांतून येणारं रक्त थांबलं, मी दोन पोळ्या खाल्ल्या. थोड्या दिवसांनी तिनं परत दिल्या. मी विचारलं, कोण हो ही माउली? तर म्हणे, तेलुगू आहे, नवऱ्यापासून वेगळी झालीय, काचीगुड्याला आईजवळ राहते. जेवायला बोलवा म्हटलं तर म्हणाला, "नको, तुला इन्फेक्शन व्हायचं." अगंबाई, केवढी काळजी! एवढा विचारी माणूस इतकी वर्षं घरात होता आणि मला पत्ताच नाही, असं मी त्याला चिडवलंसुद्धा. तो हसला नाही. दमलाय बिचारा, असं मला वाटलं.

तिसऱ्या खेपेला मीच दवाखान्यात भरती होते. ती खाली रक्तपेढीत येणार हे कळल्यावर मी ठरवलं, हिची ओटी भरायची. जी बाई अंगातलं काढून देते तिला नुसतं थँक्यू काय म्हणायचं? लेकीकडून खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकवाची डबी मागवली. पोरगी पिशवी देताना म्हणाली, "मम्मी, हॉस्पिटलमध्ये कोण करतं असं? त्या आंटी परेशान होतील." मी म्हटलं, होऊ दे थोडी परेशान, चांगल्या कामासाठी आहे. आपल्यात जशी ओटी, तसं इकडं तेलुगू लोकांत ओडी बिय्यम असतं. ओटीत तांदूळ घालायचे, माहेरच्यांनी लेकीला. म्हणजे तिला कळणार होतं मी काय करतेय ते.

नवऱ्याला सांगितलं नाही. गंमत करायची होती. मास्क लावून, चाकाच्या खुर्चीत बसून, मांडीवर पिशवी घेऊन मी खाली गेले. खुर्ची ढकलणाऱ्या बाईला दाराशी थांबायला सांगितलं आणि दाराच्या काचेतून आत बघितलं.

तिथलं मशीन दोन्ही हातांचं आहे. एका हातातून रक्त घेतं, हवं ते काढून उरलेलं दुसऱ्या हातातून परत देतं. तास-दीड तास हात हलवायचे नाहीत. ती आडवी होती, माझ्याहून थोडी लहान असेल, सावळी, जाड भिंगाचा चष्मा. नवरा शेजारी स्टुलावर. तिनं काहीतरी म्हटलं आणि नाक जरासं वर केलं. त्यानं तिचा चष्मा काढला. शर्टाच्या टोकानं पुसला, वर धरून उजेडात बघितला, परत पुसला आणि दोन्ही हातांनी तिच्या कानांवर नीट बसवला. एक बट चष्म्यात अडकली होती, ती सोडवून कानामागं नेली. तिनं डोळे मिटून घेतले होते.

बस, एवढंच. पण माझा नवरा स्वतःचा चष्मा कपाळावर असताना घरभर शोधणारा माणूस आहे. माझं डोकं केमोनं भादरल्यासारखं झालं तेव्हा त्यानं टोपी आणून टेबलावर ठेवली होती, माझ्या डोक्यावर नाही. असं कोणाला हात लावता येतो त्याला, हे मी पहिल्यांदा बघत होते. विचारायची, खातरजमा करायची काही गरज उरली नाही.

परत फिरता आलं असतं. पण मी का फिरू? मी दार ढकललं.

तो ताडकन उभा राहिला. तिनं मला कधी पाहिलं नव्हतं, पण ओळखलं लगेच, आणि उठायला धडपडली. माझ्या तोंडून काय निघावं? "हलू नकोस! सुई निघेल." मलाच नंतर लाज वाटली. समोर माझ्या संसाराचं वाटोळं झालंय, आणि माझा जीव तिच्या सुईत, कारण पिशवी माझी भरत होती.

खुर्ची जवळ नेली. तिच्या कपाळाला हळदकुंकू लावलं. कुंकू भुवईवर सांडलं. खण, नारळ आणि ओंजळभर तांदूळ तिच्या मांडीवरच्या चादरीत घातले. मी घरून ठरवून आलेलं काम पुरं केलं, दुसरं काही सुचलंच नाही. ती ढसाढसा रडायला लागली. "अक्का, अक्का," एवढंच. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. नवऱ्यानं रुमाल काढला, माझ्याकडं पाहिलं आणि परत खिशात घातला.

दुपारी वॉर्डात तो माझ्याजवळ बसला. मी विचारलं, "कधीपासून?" मनात मी त्याला सूट दिली होती. बायको वर्षभर आजारी, घरात फिनाइलचा वास, माणूस घसरला असेल. तेवढं मी गिळलं असतं.

"तुझ्या आजाराच्या खूप आधीपासून," तो म्हणाला.

म्हणजे मी धडधाकट होते तेव्हा. मी रोज डबा भरून देत होते, सणाला नटत होते, रात्री शेजारी झोपत होते, तेव्हा. मी म्हटलं, "मेल्या, निदान खोटं तरी बोलायचंस." आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला अरे-तुरे केलं. तो खाली मान घालून म्हणाला, "तुझ्याशी आता खोटं बोलवत नाही." मरणाऱ्या बाईशी खरं बोलायचं पुण्य हवं होतं त्याला. ते खरं घेऊन मी काय करू, हा विचार त्यानं केला नव्हता.

तेवढ्यात नर्स पिशवी घेऊन आली. वरणावरच्या पाण्यासारखा पिवळा रंग. मी हात चादरीखाली घेतला. "परत ने. मला नको." ती समजावत राहिली, "अम्मा, अशी वाया जाईल, अम्मा." डॉक्टरही येऊन बोलला. नको म्हणजे नको. हिचा माझ्या अंगात एक थेंबही जायला नको. सही करून मी घरी आले.

त्या दिवसापासून ती येईनाशी झाली. दुसरे दोघं मिळाले होते, एकाला ताप आला, दुसऱ्याचं हिमोग्लोबिन कमी निघालं. आणि आठवड्याच्या आत माझ्या नाकातून रक्त वाहायला लागलं. सकाळी नाश्त्याला लेकीसमोर बसले होते, उप्पिटात टपकन पडलं. रुमाल भिजला, टॉवेल भिजला, थांबेना. पोरीनं माझं डोकं छातीशी धरलं होतं. रक्त थांबल्यावर तिनं टॉवेल बादलीत टाकला, समोर येऊन उभी राहिली. "मला सगळं कळलंय, मम्मी. गूगल आहे माझ्याकडं. मी यंदा पेपर देत नाही. मी तुझ्याजवळ बसते."

पुस्तकं तिनं खरंच उचलून कपाटात ठेवली.

मी नवऱ्याला हाक मारली. "तिला फोन लावा आणि तुम्ही गॅलरीत जाऊन उभे राहा." त्यानं निमूट लावून दिला. आम्ही तेलुगूत बोललो, मी इथं मराठीत लिहितेय. माझा आवाज ऐकताच ती रडायला लागली. "अक्का, माझं चुकलं. मला क्षमा करा, अक्का. मी तुमच्या पाया पडते."

काय काय बोलायचं ठरवलं होतं मी! पलंगावर पडल्या पडल्या रोज तिला शिव्या घोकत होते. कपाटाचं दार उघडं होतं, आतली पुस्तकं दिसत होती.

मी म्हटलं, "क्षमा माझ्याकडं नाही. ती मागू नकोस. प्लेटलेट्स देतेस का, तेवढं सांग."

तिनं नाक ओढलं. मग म्हणाली, "निघतेच."

संध्याकाळी दवाखान्यात पिशवी आली. मी आपण होऊन हात पुढं केला. लेक माझ्या पायाशी पुस्तक घेऊन बसली होती, मध्येच ओठ हलवून काहीतरी पाठ करत होती. नवरा दाराबाहेर होता. मी वर त्या पिशवीकडं बघत राहिले, रिकामी होईपर्यंत. नर्स नळी काढायला आली तेव्हा तळाशी बोटभर पिवळं राहिलं होतं.

"थांब," मी म्हटलं. "पिशवी पिळ. तेही जाऊ दे."